सृष्टिवर्णनाचा धडा : वाचनमालांपासून उसाच्या फडापर्यंत

मराठीचे कोणत्याही इयत्तेचे पाठ्यपुस्तक उघडावे, त्यात एखादा तरी धडा किंवा कविता सृष्टिसौंदर्यावर असतेच. पावसाची पहिली सर, डोंगरावरची पहाट, नदीकाठची संध्याकाळ हे त्याचे ठरलेले विषय. आणि पुस्तकातील सर्वांत कंटाळवाणा धडा कोणता, असे मुलांना विचारले तर पुष्कळ मुले ह्याच धड्याकडे बोट दाखवतात. गोष्टीत पुढे काय होणार ही उत्सुकता असते, विनोदी धड्यात हसू असते. वर्णनात मात्र ‘काहीच घडत नाही’, अशी त्यांची तक्रार. मग कठीण शब्दांचे अर्थ आणि ‘लेखकाने निसर्गाचे वर्णन कसे केले आहे?’ ह्या प्रश्नाचे मार्गदर्शकातील तयार उत्तर पाठ होते, परीक्षा होते आणि धडा कायमचा मिटतो.

ह्यात मुलांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्याआधी हा धडा आपल्या पुस्तकांत कसा आला, तो कोणी कसा शिकवला आणि कोठे तो सजीव झाला, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते. हा इतिहास आम्ही मुद्दाम तापीच्या खोऱ्यातून सांगणार आहोत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि उधना, चलथाण, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर, धरणगाव, जळगाव ही गावे एका रुळावर आली. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे ह्याच रुळाने इकडे आले. मराठी सृष्टिवर्णनाच्या इतिहासातील कितीतरी महत्त्वाची नावे ह्याच मार्गावर भेटतात, हे आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानात असेल.

सुरतेचा आरंभ

सुरुवात सुरतेपासूनच करू. मराठीचे आद्य व्याकरणकार म्हणून आपण ज्यांना मान देतो ते दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापक होते. त्यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी प्रभृतींनी सुरतेत मानवधर्मसभा स्थापन केली, तीतही दादोबा अग्रभागी होते. म्हणजे मराठी शाळामास्तर आणि गुजराती शाळामास्तर ह्यांनी एकत्र बसून समाजाचा आणि शिक्षणाचा विचार करावा, ही परंपरा ह्या शहरात पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात विद्याखाते उभे राहिले आणि प्रत्येक इयत्तेला नेमलेले पुस्तक असावे, ही कल्पना रुजली. मराठीत ह्या कामावर मेजर थॉमस कँडी ह्यांची छाप होती. मोल्सवर्थच्या कोशाला हातभार लावणारे, मराठी लेखनात विरामचिन्हे रूढ करणारे ते हेच कँडी. गुजरातीत हे काम टी. सी. होप ह्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाले, म्हणून ती पुस्तके ‘होप वाचनमाला’ म्हणून ओळखली गेली. कवी दलपतराम ह्यांच्या कविता तीत आल्या. हेच होप पुढे सुरतेचे कलेक्टर झाले. तापीवर १८७७ मध्ये बांधलेला पूल त्यांच्याच नावाने ओळखला गेला. पुलावरून गेलेल्या पिढ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते, की ज्याच्या नावाचा पूल त्याच्याच नावाचे आपले पहिले पुस्तक!

ह्या पहिल्या पुस्तकांत सृष्टी होती, पण ती मुख्यतः माहिती म्हणून होती. उंटाचे उपयोग, नारळाच्या झाडापासून मिळणारे पदार्थ, वाफेचे ढग कसे होतात अशा धाटणीचे ते पाठ. नाही तर नीतिपाठ म्हणून ती येई: मुंगीपासून उद्योग शिकावा, फळांनी लवलेल्या झाडापासून नम्रता. त्या काळाची ती गरज होती आणि त्या पाठांची भाषा नेमकी होती, हेही मान्य केले पाहिजे. परंतु मुंगी केवळ पाहण्यासाठी पाहावी, तिच्याकडून काहीही न शिकता तिच्यात रमावे, ही मोकळीक त्या पुस्तकांत फारशी नव्हती. सुरतेचेच नर्मद तरुणपणी रांदेरच्या शाळेत काही काळ शिक्षक होते. पुढे त्यांनी गुजरातीत ऋतुवर्णन आणि वनवर्णन लिहिले. सृष्टी हाच स्वतंत्र काव्यविषय, ही नवी दृष्टी सुरतेत अशी प्रकटली. वर्गाच्या पुस्तकापर्यंत तिला पोहोचायला मात्र बराच अवकाश होता.

गायकवाडी सक्ती

आपल्या परिसराच्या दृष्टीने ह्यानंतरचा टप्पा बडोद्याचा. पलसाणा महाल हा गायकवाडी राज्याच्या नवसारी प्रांतात मोडत असे. महाराजा सयाजीराव तिसरे ह्यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू केला. ब्रिटिश मुलखात त्या वेळी अशी सक्ती नव्हती. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन ह्यांना आणून ग्रंथालयांचे जाळे विणले गेले; पेट्यांतून फिरती वाचनालये खेड्यांत जाऊ लागली. ‘सयाजी साहित्यमाला’ आणि ‘सयाजी बालज्ञानमाला’ ह्यांतून मराठी व गुजराती पुस्तके निघाली.

ह्या सर्वांमुळे अक्षर घरोघर पोहोचले, हे ऋण मोठे आहे. पण सक्तीने मूल शाळेत बसवता येते, खिडकीबाहेर पाहायला लावता येत नाही. उलट, खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलाच्या पाठीत धपाटा बसण्याचाच तो काळ. वर्णनाची गोडी लावण्यासाठी वेगळ्या प्रकारची माणसे लागणार होती, आणि ती ह्याच रुळाच्या दुसऱ्या टोकाला घडत होती.

खानदेशातील कवी आणि वाचनमालेतील प्रवेश

आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत हे पेशाने शिक्षक होते आणि खानदेशात भडगाव व फैजपूर येथे त्यांनी अध्यापन केले. १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगाव येथे त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्यांचा जन्म झाला. चलथाणहून गाडीत बसावे आणि डबा न बदलता उतरावे, असे हे गाव. १९०७ मध्ये जळगाव येथे कविसंमेलन भरले. सतरा वर्षांच्या ठोमऱ्यांनी तेथे कविता म्हटली आणि ‘बालकवी’ हे नाव घेऊन ते परतले. त्या संमेलनाचे अध्यक्ष कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे कीर्तिकर नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते. बी. डी. बसू ह्यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथ आजही आधारभूत मानला जातो. फुलांची शास्त्रीय नावे जाणणाऱ्या माणसाने फुलांच्या कवीचा गौरव करावा, हा योग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. बारकाईने पाहणे हा शास्त्राचा आणि काव्याचा सामाईक पाया आहे, हे ह्याहून चांगले कोणत्या प्रसंगाने सांगता येईल?

पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई ह्यांनी अहमदनगरला बालकवींना मुलासारखे सांभाळले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात त्यांचा अंत झाला. वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. त्यांच्या मागे राहिलेल्या कवितांनी मराठी पाठ्यपुस्तकाचे रूप बदलले. १९३० च्या दशकात आचार्य अत्रे ह्यांची ‘नवयुग वाचनमाला’ आली. अत्रे स्वतः हाडाचे शिक्षक, आणि मुलांचे पुस्तक रंजक असलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह. माहितीच्या जागी अनुभव आला, उपदेशाच्या जागी आनंद आला. सृष्टिवर्णन हा धडा आज आपण ओळखतो त्या अर्थाने आपल्या वर्गात शिरला तो साधारणतः ह्या काळात.

ह्याच अत्र्यांच्या हाती पुढे जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्या आल्या. बहिणाबाई (१८८० ते १९५१) निरक्षर होत्या. त्यांच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या होत्या. अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. सबंध महाराष्ट्राला वाचनमाला देणाऱ्या माणसाला जिने एकही वाचनमाला वाचलेली नाही अशी कवयित्री सापडली! पेरणी, मळणी, विहिरीवरची मोट, झाडावरचे घरटे हे त्यांना वर्णनाचे विषय म्हणून कोणी नेमून दिले नव्हते. हातांनी काम करता करता डोळ्यांनी जे टिपले ते ओठांवर आले. वर्णनाचा उगम शब्दसंग्रहात नसून नजरेत असतो, ह्याचा एवढा ठसठशीत पुरावा दुसरा नाही.

शिकवणारे तिघे

चांगला धडा पुस्तकात आला म्हणजे तो शिकवला गेला असे नाही. बालकवींची कविता छडीच्या धाकाने पाठ करून घेता येते आणि आपल्यापैकी अनेकांनी ती तशीच पाठ केली. परंतु वेगळ्या वाटेने गेलेल्या काही शिक्षकांची साक्ष उपलब्ध आहे. आपल्या दोन्ही प्रांतांशी नाते असलेल्या तिघांचा उल्लेख येथे करतो.

पहिले साने गुरुजी. १९२४ ते १९३० ह्या काळात ते अमळनेरच्या शाळेत (आजचे प्रताप हायस्कूल) शिक्षक आणि छात्रालयाचे व्यवस्थापक होते. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून एक दैनिक काढीत. विचार करावा: दिवसभर वर्ग, मुलांची सेवा, आणि त्यातून रोज हाताने लिहिलेले पान! मुलांसमोर भाषा दूरच्या छापखान्यातून न येता, त्यांच्याच अंगणात राहणाऱ्या माणसाच्या हातून ताजी येत होती. कालचा पाऊस आज कागदावर वाचायला मिळाला, तर मुलाला वर्णन म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे काकासाहेब कालेलकर. १८८५ मध्ये साताऱ्यास जन्म, बेळगाव-कारवारकडे बालपण, १९१० मध्ये बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयाची धुरा, १९१२ च्या सुमारास हिमालयाची पायी यात्रा, आणि पुढे साबरमती आश्रमाची राष्ट्रीय शाळा व गुजरात विद्यापीठ. गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले. मराठी माणसाने गुजराती गद्याला सृष्टिवर्णनाची नवी वाट दाखवावी, ही आपणा स्थायिक मराठी मंडळींनी अभिमानाने सांगावी अशी घटना आहे. त्यांच्या नद्यांवरील लेखांत नदी कोठून येते, कोणाला मिळते, काठावर कोण राहते हे आधी येते आणि भक्तिभाव त्यातूनच उगवतो. ते लेख शिकवताना भिंतीवर नकाशा हवाच. हिमालय पाहिलेल्या ह्या माणसाने तुरुंगाच्या भिंतीआडही पाहणे सोडले नाही. साबरमतीच्या कारावासातील मुंग्या, खारी, कावळे, झाडे ह्यांच्यावर त्यांनी ‘ओतराती दीवालो’ हे छोटेसे पुस्तक लिहिले. सृष्टिसौंदर्यासाठी महाबळेश्वरला जावे लागते असे ज्यांना वाटते, त्यांनी ते जरूर वाचावे.

तिसऱ्या ताराबाई मोडक. १९२० च्या दशकात त्या भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम करीत होत्या. पुढे १९४५ मध्ये त्यांनी गुजरातच्या सीमेलगत बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, ते नंतर कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसताच शाळाच कुरणात नेण्यात आली. ‘कुरणशाळा’ हा शब्द तेथून आला. तेथे झाड, ओढा, पाखरू हे शैक्षणिक साहित्यच होते. शाळेच्या दाराशी मूल येण्याची वाट न पाहता शिक्षिका मुलाच्या सृष्टीत गेली, हे ह्या प्रयोगाचे मर्म.

तिघांच्या वाटा भिन्न, पण सूत्र एकच दिसते. आधी मुलाच्या डोळ्यांसमोरचे, मग पानावरचे. पान हे डोळ्यांच्या जागी येत नाही; ते डोळ्यांना सोबत करते.

पंचनामा आणि वर्णन

शासकीय सेवेत असताना आम्हांस पुष्कळ पंचनामे लिहावे लागले. पुराचे, आगीचे, अतिवृष्टीने आडव्या झालेल्या पिकाचे. पंचनाम्यात ‘मनमोहक’ हा शब्द चालत नाही. ‘भयानक’ही चालत नाही. चतुःसीमा लिहावी लागते: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस रस्ता. काय पाहिले, किती पाहिले, कोठे उभे राहून पाहिले हे नमूद करावे लागते. साहित्यिक वर्णन म्हणजे पंचनामा नव्हे, हे उघड आहे. पंचनामा पाहणाऱ्याचे मन बाजूला ठेवतो, साहित्य ते मन घेऊनच येते. पण चांगल्या वर्णनाच्या तळाशी एक चोख पंचनामा असतो, असे आमचे मत झाले आहे. तो नसला की उरते ती विशेषणांची रास.

गेली काही वर्षे रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर शेजारपाजारची दहा-बारा मुले मराठी वाचायला येतात. बहुतेकांच्या शाळेचे माध्यम गुजराती किंवा इंग्रजी. मराठी घरात बोलतात, वाचताना अडखळतात. त्यांच्यासमोर आम्ही एकदा दोन उतारे ठेवले. दोन्ही आम्हीच रचलेले होते. पहिला असा:

‘सकाळची वेळ होती. निसर्गाचे मनमोहक रूप डोळ्यांचे पारणे फेडत होते. पक्षी मधुर किलबिलाट करीत होते. हिरवीगार शेते वाऱ्यावर आनंदाने डोलत होती.’

दुसरा असा:

‘कालव्याला पाणी सुटले की आधी आवाज येतो, पाणी मागून येते. तळाशी पडलेली वाळकी पाने एकमेकांवर चढतात, जागच्या जागी फिरतात आणि मग वाहू लागतात. काठावरचे बगळे एक पाऊल मागे सरतात, उडत नाहीत.’

मग काही साधे प्रश्न विचारले. लिहिणारा कोठे उभा आहे? त्याने आधी काय टिपले, नंतर काय? कोणत्या क्रियापदाने चित्र हलले? ह्यातले कोणते वाक्य दुसऱ्या कोणत्याही गावाला चिकटवता येईल? शेवटच्या प्रश्नाला मुलांनी एका सुरात पहिला उतारा दाखवला. तो चलथाणलाही चालतो, चाळीसगावलाही आणि चंडीगडलाही. दुसऱ्या उताऱ्यातले बगळे का उडत नाहीत, असे कोणीतरी विचारले. सहावीतली एक मुलगी म्हणाली, “पाण्याबरोबर किडे वर येतात ना, ते खायला थांबतात.” आम्ही ते वाक्य लिहिले होते, पण कारण तिला ठाऊक होते, तिचे घर कालव्यालगत आहे. त्या दिवशी कोणत्याही मुलाने ‘वर्णनात काही घडत नाही’ अशी तक्रार केली नाही. घडत असते; ते पाहण्याची सवय लागली पाहिजे, इतकेच.

रसग्रहणाचे सारे शास्त्र ह्या प्रश्नांत सामावत नाही, हे आम्ही जाणतो. उपमा, नाद, लय ह्यांची ओळख पुढच्या इयत्तांत व्हायलाच हवी. पण दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी अलंकारांची नावे आधी आणि अनुभव मागून, हा क्रम उलटा आहे.

तुऱ्याची दोन वर्णने

आता आपल्या गावाकडे येऊ. १९५० च्या दशकात काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाले. कालवे आले, त्यांच्यामागून ऊस आला, सहकारी साखर कारखाने आले. आपल्या परिसराचे रूपच पालटले. आज ह्या परिसरात कापडावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्यांची धुराडी आहेत, महामार्गाची गर्दी आहे. तरीही बांधावर शिंदीची झाडे आहेत, पलसाणा तालुक्यातून मिंढोळा वाहते आहे, आणि पावसाळा संपता संपता उसाला पांढरे तुरे येतात. संध्याकाळच्या उन्हात तुऱ्यांचा फड पाहिला की कोणाच्याही मनात वर्णनाची पहिली ओळ उमटावी.

आमच्या ओसरीवरील मुलांनाही ती उमटली. तुरे कोणाला कापसासारखे, कोणाला म्हाताऱ्यांच्या सभेसारखे वाटले. त्या दिवशी ऊसतोडीसाठी आलेल्या एका कुटुंबातील मुलगा योगायोगाने तेथे बसला होता. दर वर्षी गळीत हंगामात खानदेशातून आणि डांगकडून ही कुटुंबे येतात, फडाजवळच्या पडावात खोपटी घालून राहतात आणि हंगाम संपताच परततात. तो मुलगा म्हणाला, “तुरा आला की ऊस पोकळ होतो. वजन भरत नाही.” तोडणीची मजुरी वजनावर मिळते. त्याच्या घरात तुरा म्हणजे कमी मजुरी.

सारी मुले गप्प झाली. मग चर्चा सुरू झाली ती अशी: मग तुरा सुंदर आहे की नाही? आम्ही उत्तर दिले नाही. आम्हांस असे वाटते, की सृष्टिवर्णनाच्या धड्यातून मुलाला मिळण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. दृश्य एक असते, पाहणारे अनेक असतात; आणि कोण, कोठून, कोणत्या पोटाने पाहतो ह्यावर वर्णन ठरते. पानावरचे वर्णन वाचताना ‘हे कोणी पाहिले?’ असा प्रश्न जे मूल विचारू लागले, ते साहित्याचे वाचक झाले. त्याहून अधिक, ते शेजारी राहण्यायोग्य माणूस झाले.

हेही नमूद केले पाहिजे, की त्या मुलाचे शाळेचे अर्धे वर्ष फडावरच जाते. उसाच्या, गवताच्या, पाखरांच्या जितक्या खुणा त्याला ठाऊक आहेत तितक्या आमच्या ओसरीवरील कोणाही मुलाला नाहीत. पण त्या लिहिण्याइतकी अक्षरओळख त्याला नाही. एकाजवळ सृष्टी आहे आणि पान नाही. दुसऱ्याजवळ पान आहे आणि सृष्टी नाही. बहिणाबाईंच्या ओव्या टिपून घेणारे घरात कोणी होते, म्हणून त्या उरल्या. पडावातल्या मुलांचे कोण टिपून घेणार?

आपल्यापुढील काम

महाराष्ट्रात २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, स्थापन झाले. गुजरातेत १९६९ मध्ये शालेय पाठ्यपुस्तक मंडळ निघाले आणि त्याने मराठी माध्यमाचीही पुस्तके काढली. सुरत महानगरपालिकेने मराठी माध्यमाच्या शाळा चालवल्या. ह्या सोयींविषयी आपण कृतज्ञ असले पाहिजे. परंतु आपल्या घरांतील बरीच मुले आता त्या शाळांत जात नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. त्यांचे मराठी वाचन घरी होईल तेवढेच.

भाषा जाते ती एकदम जात नाही. स्वयंपाकघरातील आणि नात्यागोत्यातील शब्द सर्वांत शेवटपर्यंत टिकतात. आधी जातात ते दाराबाहेरचे शब्द: बांध, पाट, तुरा, पाचट, टिटवी, शिंदी, झाकोळ, तिरीप. मूल ‘आई, भूक लागली’ हे मराठीत म्हणते, पण आकाशात काय दिसते ते सांगायला त्याला दुसऱ्या भाषेकडे जावे लागते. त्या भाषा परक्या नाहीत. गुजरातीने आपल्याला दीडशे वर्षे जवळ केले आहे आणि कालेलकरांनी दाखवल्याप्रमाणे दोन्हींत लिहिता येते. पण एक भाषा घरापुरती उरली, की ती पुढच्या पिढीत घरातही उरत नाही. सृष्टिवर्णनाचा धडा हा म्हणून परीक्षेतील पाच गुणांचा प्रश्न नाही. दाराबाहेरचे जग मराठीत पाहता येईल की नाही, ह्याचा तो प्रश्न आहे.

ह्यासाठी आमची सूचना अगदी साधी आहे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ पासून आपल्याजवळ आहे. त्यातील लेख महिन्यांच्या क्रमाने लिहिलेले आहेत. प्रत्येक मराठी महिन्यात एका रविवारी नातवंडांना त्या महिन्यातील एखादा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा. सगळा लेख नको; अर्धे पान पुरे. दुर्गाबाईंनी पाहिलेले झाड आपल्याकडे आहे का, ते ह्याच महिन्यात फुलते का, हे मुलांनी शोधावे. मग मुलाने स्वतः पाहिलेल्या एकाच गोष्टीवर पाच ओळी लिहाव्यात, अट एवढीच की त्या ओळी दुसऱ्या गावाला लागू पडता कामा नयेत. शुद्धलेखन नंतर सुधारता येईल. ज्याला लिहिता येत नाही त्याचे सांगणे दुसऱ्याने लिहून घ्यावे. शक्य असेल त्यांनी ह्या बैठकीला पडावातील एखाद्या मुलालाही आवर्जून बोलवावे. अशा ओळींसाठी आपल्या पत्रिकेतील एक पान दर अंकी राखून ठेवावे, अशी संपादक मंडळास आमची विनंती आहे.

कार्तिकात उसाला तुरे येऊ लागतील. त्या वेळी नातवंडाचा हात धरून फडाच्या बांधापर्यंत जावे, काय दिसते ते त्याला मराठीत विचारावे, त्याचे सांगणे संपेपर्यंत आपण मध्ये बोलू नये, आणि घरी आल्यावर मग पुस्तक उघडावे.